रुईच्या खोलीतला हिवाळा

परवा सकाळी नरूचा फोन आला. "सीतादही झालं. उद्यापासून बाया लागते वेचाले. तुरीच्या शेंगा भरल्या की येजो." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नरू रोहण्याचा. बोलणं त्याला कधी फारसं जमलंच नाही. त्याला जे म्हणायचं असतं ते तो ड्रमवर म्हणतो. वेचणीला हात लावण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, मगच पहिल्या बोंडाला हात घालायचा, हे सीतादही, आमच्याकडची जुनी रीत. नरू ती पाळतो आणि दर वर्षी मला कळवतो, कारण माझ्याकडे आता शेत नाही. मी वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यात दोन खोल्यांवर चढवलेल्या मजल्यावर राहतो. खाली मालवाहू रिक्षा दुरुस्त होतात, समोर नवीन इमारतीचा सांगाडा उभा आहे. तरी फोन ठेवल्यावर नाकात सरकीचा तेलकट वास आला, आणि गोणपाटाची ती कोरडी, शिंक आणणारी धूळ.

तो वास मला कापसाच्या शेतात नेत नाही. एका खोलीत नेतो. चार हिवाळ्यांपूर्वीच्या.

आमचा एक बँड आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे वाक्य लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं. त्यातून आमच्या भागात बँड म्हटलं की लोकांना आधी वरात आठवते. कॉलेजात असताना पहिल्यांदा एका गावात कार्यक्रम मागायला गेलो, तर मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं होतं, "मानसं किती येते? अन् घोडा तुमचा का आमचा?" बँडचं नाव 'गिट्टी'. क्रशरवर दगड फोडतात तसं वाजवायचं, एवढीच तेव्हाची आमची समज. ड्रमवर नरू, गिटारवर मी, गायला संघपाल. बास वाजवायला कोणी ना कोणी मिळायचं आणि त्याचं लग्न ठरलं की निघून जायचं. आम्ही तिघे मात्र टिकलो. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, केस गेले, पण वर्षातून चार-पाच कार्यक्रम व्हायचेच. आमची गाणी आमच्याच बोलीत, आणि सगळी हार्ड रॉक. कानठळ्या बसतील अशी.

संघपाल पुलगावचा, शाळेत मास्तर. त्याला गावात 'मिलचा भोंगा' म्हणत. मिलचा भोंगा जसा गावभर ऐकू जायचा तसा हा. माईक त्याच्यापासून वीतभर लांब ठेवावा लागे. 'फाटक बंद' नावाचं आमचं एक गाणं होतं, रेल्वेच्या फाटकाशी ताटकळलेल्या माणसाच्या संतापाचं. त्यात शेवटचा सूर तो इतका लांबवायचा की समोरच्या पोरांचा ओरडून ओरडून दम संपायचा आणि हा उभाच. घाम गळतोय, मानेच्या शिरा दोरासारख्या, डोळे मिटलेले. मी मागे गिटार वाजवत त्या शिरांकडे पाहायचो आणि मला अभिमान वाटायचा. आज त्याच शिरा आठवल्या की दुसरंच काही वाटतं. गाण्याची पट्टी मी ठरवायचो. गिटार ज्या सुरात झणझणते तो सूर मी धरायचो आणि संघपाल तिथपर्यंत चढायचा. त्याला खाली काही हवं आहे का, असं मी कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी दसऱ्यापासून त्याचा आवाज बसलेला होता. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, शेवटी नागपूरला दाखवलं. स्वरयंत्राच्या पडद्यावर छोटी गाठ. काढावी लागेल. काढल्यावर काही आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीने जास्त ताण पडतो म्हणे. मग हळूहळू बोला. जमलं तर गा. पण ओरडणं कायमचं बंद.

नागपूरहून परत येताना गाडीत आम्ही तिघेच होतो. दुसऱ्या अल्बमची गाणी तेव्हा तयार होती, आठच्या आठ दणदणीत. सेलूच्या पुढे कापसाच्या बैलगाड्या लागल्या, नरूने गाडी हळू केली, तेव्हा संघपाल खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "माह्याशिवाय काढा तुम्ही."

"कायले?" नरू.

"नागपूरले चिक्कार पोट्टे हाय गानारे. एखादा पाहून घ्या."

"तू चूप बस आता," नरू म्हणाला. "तसंही तुले चूपच बसा लागते."

गिट्टी म्हणजे संघपालचा आवाज. तो नसेल तर मला अल्बमच नको होता. पण हे म्हणायचा मला काय हक्क, असं वाटत राहिलं. तो गळा मीच वर वर ओढला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, शाळेतल्या पोरांवर ओरडून पण घसे जातात, मास्तरांचे सगळ्यात जास्त. संघपालची बायको सुजाता हेच म्हणाली. पण मला पटेना. माझा स्वभावच तसा. शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी माफी मागायला जाईन, असं सुजाता माझ्याबद्दल म्हणते, आणि ते फार खोटं नाही.

*

अल्बम थांबवायचा नाही असं नरूने ठरवलं, आणि सरावाची खोलीही त्यानेच शोधली. तो शेती सांभाळून पुलगावजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम करतो. मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणायचा आणि धागा तुटतो कसा ते बघायचं. जिनिंगच्या मागे, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या रुळांपलीकडे एक रिकामं गोदाम होतं. मालक म्हणाला, वाजवा, पण दोन अटी. बिडी पेटवायची नाही, आणि आवाज बाहेर येता कामा नये, कारण बाजूच्या घरात त्याची सासू राहते.

बिडी कोणी ओढतच नव्हतं. आवाजाचं काय करावं ते नरूला सुचलं. जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढल्यावर टाकाऊ रुई निघते, धूळ-पाचोळा मिसळलेली, कोणी विकत घेत नाही अशी. ती गोण्यांत भरायची आणि भिंतींना लावायची. शहरात स्टुडिओवाले स्पंजाचे तक्ते लावतात ते आम्ही फोटोत पाहिलं होतं. थोडे इथे, थोडे तिथे. पण आम्ही पडलो कापसाच्या मुलखातले. आमच्याकडे रुई कमी पडण्याचा प्रश्नच नाही. एका भिंतीला लावल्या, मग दुसऱ्या, मग चारही, जमिनीपासून छतापर्यंत. नरूने छतालाही दोर बांधून गोण्या टांगल्या. दाराच्या आतूनही एक गादी. "काम कराचं त पुरं कराचं," तो म्हणाला. तीन दिवस आम्ही दोघं कापूसवाल्यांसारखे पांढरे झालो होतो. भुवया पांढऱ्या, स्वेटर पांढरे, नाकात रुई.

मग वाद्यं लावली आणि नरूने पहिला ठोका दिला.

तो आवाज मी विसरणार नाही. आवाजच नव्हता तो. काठी लागली, काहीतरी झालं, आणि झालं ते तिथेच खाली पडलं. मी गिटार मोठी केली, अजून मोठी केली. आवाज वाढला, पण भरला नाही. टाळी वाजवली तर हातातून बाहेरच पडेना. हार्ड रॉकला भिंती लागतात. आवाज जाऊन आदळायला हवा, परत यायला हवा, एकावर एक चढायला हवा. आमच्या खोलीत गेलेला आवाज परत येतच नव्हता. रुईने गिळला की संपलं.

नरूने काठ्या मांडीवर ठेवल्या. "हे त मी गादी बडवून राह्यलो बे."

बाहेर जाऊन मालकाला विचारलं, आवाज आला का? तो खूश होता. "कायचाच नाई. सासूबाई झोपल्या हाय." आता गोण्या काढाव्या तर त्याची अट मोडते आणि ठेवाव्या तर आमचा बँड मरतो. आम्ही दोघं रुळावर बसून चहा प्यायलो. थंडी चांगलीच पडली होती. जिनिंगचे पंखे घोंघावत होते आणि हवेत बारीक तंतू उडत होते, उन्हात दिसायचे आणि सावलीत नाहीसे व्हायचे. दुसऱ्या दिवशी संघपाल येणार होता. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. नुसता बसायला येणार होता.

*

मौन पाळणाऱ्या माणसाबरोबर राहिलात तर एक गंमत कळते. बोलायची बंदी त्याला असते, पण आजूबाजूचे सगळेच हळू बोलायला लागतात. कोणी सांगत नाही. मी संघपालच्या घरी गेलो की दारातूनच कुजबुजत विचारायचो, "कसं वाटून राह्यलं?" आणि सुजाताही कुजबुजत सांगायची, "बरं हाय." एकदा दूधवाला आला तर तोही दबक्या आवाजात म्हणाला, "अर्धा लिटर ना?" मग सुजाता हसली. ती म्हणाली, "भाऊजी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माह्यं वाक्य पुरं होऊन राह्यलं. नाई त मी 'आज' म्हनलं की यांचं सुरू." संघपालने टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं त्यांचं ठरलं होतं. "नाई काय?" ती म्हणाली. "आता त बोलूनच दाखवा."

तर तो आला. मफलर गुंडाळून एका गोणीवर बसला. खोलीकडे बघितलं, छताकडे बघितलं, टांगलेल्या गोण्यांकडे बोट दाखवून नरूकडे असं पाहिलं की नरू म्हणाला, "हो, मीच भैताड हाय." संघपालचे खांदे हलले. आवाज न करता हसत होता.

आम्ही वाजवायला लागलो आणि आपोआप हळू वाजवलं. मला आजही नक्की सांगता येत नाही की ते रुईमुळे होतं की समोर बसलेल्या त्या मफलरमुळे. जो बोलू शकत नाही त्याच्या समोर ओरडवत नाही. गिटारची ती करकर मी बंद केली, नुसत्या तारा छेडल्या. आणि त्या मेलेल्या खोलीत ती तार इतकी जवळ आली की मी दचकलो. बोट तारेवरून सरकतं त्याचा आवाज. नखाचा आवाज. मोठं वाजवलेलं सगळं जिथे विझत होतं, तिथे हळू वाजवलेलं कानाशी येऊन बसत होतं. इतक्या वर्षांत माझी गिटार मी अशी ऐकली नव्हती.

नरूच्या काठ्या तरीही जड पडत होत्या. तो उठून बाहेर गेला आणि जिनिंगच्या अंगणातला खराटा घेऊन आला. त्यातल्या काड्या काढून त्याने जुडी बांधली. ती तो ड्रमवर फिरवायला लागला. पाचोळ्यातून कोणी चालत यावं तसा आवाज. झाडणारी बाई दारात येऊन उभी राहिली. "खराटा कोनं नेला?" मग आत डोकावून, थोडा वेळ ऐकून, म्हणाली, "वाजवाले नेला व्हय. मंग झाडाले ड्रम द्या."

असं सुरू झालं. आम्ही कधी ठरवलं नाही की आपण आता मऊ गाणी करू. ठरवलं असतं तर लाज वाटली असती. मऊ होणं म्हणजे म्हातारं होणं, असं आम्ही मानत आलो होतो, आणि आम्ही तिघेही त्या वयाच्या उंबऱ्यावर असल्यामुळे जरा जास्तच जोराने मानत होतो. पण रोज दुपारी, शाळेतून रजा घेतलेला एक मुका मास्तर गोणीवर बसायचा, आणि आमची आठ दणदणीत गाणी एकेक करून आपले बूट काढून आत यायची.

आमच्या लहानपणी हिवाळ्यात पिंजारी यायचा, गाद्या पिंजायला. त्याच्या धनुकलीची ती एकच तार, ढँव ढँव करत गल्लीभर जायची. आमच्याकडे बासवाला नव्हताच. मी गिटारची जाड तार सैल करून तसा आवाज काढायला लागलो आणि एक गाणं त्या ढँववरच उभं राहिलं. दुसऱ्या एकात नरूने ढोलकी घेतली, खेड्यातल्या भजनात वाजते तशी, बोटांनी. आणि एक दिवस संघपाल स्कूटरवर मागे दोरीने बांधून पेटी घेऊन आला.

पेटी त्याच्या वडिलांची. ते भीमगीतांची पार्टी चालवायचे, जयंतीला गावोगावी जायचे. कॉलेजात असल्यापासून मी संघपालला ओळखतो, पण ती पेटी मी पहिल्यांदा पाहिली. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, भाता एका जागी चिकटपट्टीने सांधलेला. त्याने ती गोणीवर ठेवली, भाता हलवला, आणि मी वाजवत होतो तो सूर धरून पाहिला. मान हलवली. खालचा सूर धरला. पुन्हा मान हलवली. आणखी खालचा. मी त्याच्यामागे गिटारची पट्टी खाली खाली आणत गेलो. एका सुरावर तो थांबला, बोट तिथेच दाबून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तो सूर मी कधी निवडला नसता. गिटार तिथे झणझणत नाही. पण माझ्या मनात आलं, म्हणजे हा गाणार आहे. नसता गाणार तर पट्टी कशाला शोधली असती? घरी येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो, आणि बाजूचा माणूस सरकून बसला.

*

बोलायची परवानगी मिळाली त्या दुपारी सुजाता डब्यात तुरीच्या शेंगा उकडून घेऊन आली होती. आम्ही चौघे गोदामाच्या दारात उन्हात बसलो. सगळ्यांचं लक्ष संघपालकडे. तो काय बोलेल, कसा बोलेल. नरूने तर शेंग सोलायचीसुद्धा थांबवली होती. संघपालने दोन-चार दाणे खाल्ले आणि सुजाताकडे बघून म्हणाला,

"मीठ कमी हाय."

सुजाताने एक दाणा तोंडात टाकून पाहिला. मग म्हणाली, "यासाठी एवढा खर्च केला काय आपन?" आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही. मी शेंगा सोलत राहिलो.

तो आवाज आमच्या ओळखीचा नव्हता. जाडसर, मऊ, शेजारच्या खोलीतून कोणी बोलावं तसा. मला भीती वाटली. संघपालला काय वाटलं असेल त्याचा अंदाज मी करू शकत नाही. तो एवढंच म्हणाला, "लहानपनी बाबाच्या पार्टीत कोरसात बसत होतो. मोठा आवाज केला की बाबा मांगं वळून पाह्यचे. मुख्य गवयाच्या वर जाचं नाई. मंग मी कॉलेजात आलो, अन् तुमी म्हनले, ओरड." आणि तो हसला. तो विनोद होता. मला तो विनोद तसा घेता आला नाही.

गाणी ध्वनिमुद्रित केली जानेवारीत. एक गाणं मूळचं अगदी आरडाओरड्याचं होतं. गावाबाहेर अडकलेला माणूस घरी निरोप धाडतो: दिवा लावजो, मी येऊन राह्यलो. पूर्वी संघपाल ती ओळ अशी फेकायचा की पुढच्या गावातल्या बाईनेही दिवा लावावा. आता त्याने ती बसून म्हटली, पेटीवर हात ठेवून. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा 'येऊन'वर आवाज फाटला. फार नाही. सायीला बोट लागावं तितका. तो थांबला नाही, ओळ पुरी केली.

ध्वनिमुद्रण झालं की सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवायचं काम माझं. घरी, संगणकावर, दार लावून. मी ती ओळ ऐकली, पुन्हा ऐकली, आणि मला सहन होईना. मला तो फाटलेला आवाज म्हणजे माझ्या नावाची पावती वाटत होती. मी तिथे गिटार आणली. एक, मग तिच्यावर दुसरी. लाट येते आणि वाळूवरची रेघ पुसली जाते तसं. शेवटी 'येऊन' कुठे फाटलं ते कळेनासं झालं. मग सगळ्याच गाण्यांत, जिथे जिथे त्याचा आवाज बारीक होत होता, तिथे तिथे मी काही ना काही घातलं. मला खरंच वाटत होतं की मी मित्राची लाज राखतो आहे.

रुईच्या खोलीत संघपालच्या कानांना हेडफोन लावून मी ते ऐकवलं. तो डोळे मिटून बसला होता. संपल्यावर हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, म्हणाला, "चांगलं झालं." आणि स्कूटरला किक मारून गेला. पेटी पाठीमागे बांधून.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी रजा संपून शाळा सुरू झाली म्हणून आला नाही. नंतर फोनही घेईना.

नरूला मी विचारलं. तो जिनिंगच्या ढिगावर उभा होता, हातात कापूस. "त्यानं काय म्हनलं?"

"चांगलं झालं म्हणाला."

"मंग गेला तो." कापूस ताणून त्याने तुटलेला धागा पाहिला. "तुनं त्याले पुरता झाकला बे. मी ऐकलं. मले वाटलं तुले समजत असन."

"मी त्याच्यासाठीच केलं."

"ते त्याले नाई वाटलं ना तसं."

*

पुलगावला त्याच्या घरी गेलो तो रविवार होता. सुजाताने दार उघडलं. "या माफीवाले. आज कायची आनली?"

संघपाल पलंगावर पेपर तपासत बसला होता. पेटी कोपऱ्यात, वर कापड घातलेलं. मी बसायच्या आधीच बोलायला लागलो. चूक माझी, पट्टी माझी, वर्षानुवर्षं मी तुझा गळा, मी विचारलं नाही, मला वाटलं, असं सगळं. मी किती वेळ बोललो कोण जाणे. त्याने लाल पेन बंद केलं.

"तू माफी मांगाले आला का ऐकाले आला?"

मी खाली बसलो.

"मले तीन डॉक्टरनं विचारलं, आवाज कायनं गेला? मी म्हनलं, वापरला. माहा होता, मी वापरला. तुह्या बापाचा होता काय तो?" तो सावकाश, दम घेत बोलत होता. "आता जो हाय तो बारीक हाय. बारीक हाय, मेला नाई. तू त्याच्यावर माती काऊन टाकून राह्यला?"

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने थट्टा केली नाही. ती म्हणाली, "आजारात मानसं भेटाले येत होते, अन् यांच्याशी न बोलता माह्याशीच बोलून जात होते. हे समोर बसून असत. तसंच झालं हे." तिच्या आवाजात राग नव्हता. पण मला तिथून उठून जावंसं वाटलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की अपराधी वाटणं ही निदान एक नम्र गोष्ट आहे. माणूस त्यात खाली मान घालतो, कोणाला दुखवत नाही. त्या खोलीत मला पहिल्यांदा दिसलं की माझी ही भावना किती जागा अडवते. आजारी तो होता आणि बोलत मी होतो. आवाज त्याचा गेला होता आणि त्यावर वाजत होती माझी गिटार.

लॅपटॉप बरोबर होता. पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवून त्याने पलंगावर जागा केली. मी ते गाणं उघडलं. "कमी कर," तो म्हणाला. मी वरची गिटार काढून टाकली. "अजून." दुसरी खाली आणली. "अजून कर. डरू नको."

'येऊन' आलं. फाटलं. त्या लहानशा खोलीत, लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर, ते आधीपेक्षा जास्त फाटलेलं वाटलं. त्यामागे त्याने घेतलेला श्वास होता. पेटीचा भाता होता, चिकटपट्टी लावलेल्या जागेतून निसटणारी हवा होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही, मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर उलटे पडलेले होते.

"परत लाव."

परत लावलं. परत. चौथ्यांदा सुजाता आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. ओळ आली तेव्हा तिने त्याच्या पाठीवरचा एक धागा उचलला, रुईचा असेल, आणि हातात धरून बसली.

"ठेव," संघपाल म्हणाला. "हेच ठेव."

*

अल्बमला 'सरकी' हे नाव नरूने दिलं. रुई काढून घेतली की उरते ती. जुन्या ऐकणाऱ्यांनी आमची यथेच्छ टिंगल केली. "गिट्टीची वाळू झाली," असं एकाने लिहिलं. यवतमाळच्या एकाने विचारलं, घरी बायको झोपली होती काय रेकॉर्डिंगच्या वेळी? मालकाची सासू म्हणाली, त्या गोदामात तुम्ही काय करत होते ते आता कळलं. बोलावणी कमी झाली आणि वेगळी झाली. मोठ्या मैदानांऐवजी लहान सभागृहं. आता संघपालच्या अगदी ओठांशी माईक लागतो.

गाणी कितपत चांगली आहेत, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या फार जवळ आहे. एवढं सांगू शकतो की 'फाटक बंद' आम्ही आता वाजवत नाही, आणि मला त्याची आठवण येते. कधी कधी गाडी चालवताना मी ते एकटाच ओरडतो. संघपालला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मी पन. पन मनात."

मागच्या पंधरवड्यात वर्ध्याला एका कॉलेजात कार्यक्रम झाला. दुपारी, वर्गखोल्यांच्या मधल्या जागेत सतरंज्या टाकून. पोरं सुरुवातीला गलका करत होती. दिव्याचं गाणं आलं तेव्हा 'येऊन'पाशी तो तसाच फाटला, दर वेळी फाटतो, कधी थोडा, कधी जास्त. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सामान आवरत होतो. एक मुलगी आली, पहिल्या वर्षाची असेल, हातात गिटारची पिशवी. तिने संघपालला विचारलं, "सर, त्या ठिकाणी आवाज तुटतो, ते तुम्ही मुद्दाम करता का? मला जमत नाहीये तसं."

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. त्यात डॉक्टर होते, पट्टी होती, मी होतो. ते उत्तर ओठांपर्यंत आलं.

संघपाल पेटीचं झाकण लावत होता. तो थांबला, मुलीकडे पाहून हसला. "नाई वो बेटा," तो म्हणाला. "तिथं मी तेवढाच हाय."